आजारपणाचा खर्च कोणी किती उचलायचा?

सांजवेळ (धागाकर्ती)

मागच्या महिन्यात माझा भाऊ ११ दिवस रुग्णालयात होता. तो आता बरा आहे. पण त्या दिवसांत मी बिलाच्या खिडकीसमोरच्या बाकावर इतका वेळ बसले, की तिथली एक दुपार डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

खिडकीपाशी एकामागोमाग दोन कुटुंबं आली. दोघांच्या पेशंटचं ऑपरेशन तेच, वॉर्ड तोच, बिलाचा आकडाही जवळपास तोच. पहिल्या गृहस्थांनी फोनवर बोलता बोलता कार्ड पुढे केलं, पावतीची घडी खिशात ठेवली आणि निघाले. त्यांच्या मागे एक बाई होत्या. त्यांनी पिशवीतून तीन पाकिटं काढली. प्रत्येकावर बॉलपेनने एक नाव आणि एक रक्कम लिहिलेली, कोणाचं किती देणं आहे ते विसरू नये म्हणून. पाकीट रिकामं झालं की त्या ते टाकत नव्हत्या, पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवत होत्या. तिन्ही संपली तरी पैसे कमी पडले. खिडकीतल्या मुलाने आवाज न चढवता सांगितलं, "बाकीचे भरल्याशिवाय डिस्चार्ज होणार नाही." त्या मुलाला दोष देत नाही मी. नियम त्याने केलेला नव्हता.

दोघांना एकच दर लावला, म्हणजे समान वागणूक दिली असं म्हणता येईल. मला तसं म्हणवत नाही.

आरोग्यसेवेचा पैसा शेवटी लोकांकडूनच येतो. सरकार देतं म्हणतो तेव्हा तो करांतून आलेला असतो. नोकरदारांच्या पगारातून कापून जाणारी वर्गणी ही दुसरी वाट, स्वतः भरलेला विम्याचा हप्ता ही तिसरी, आणि खिडकीपाशी खिशातून मोजून द्यायचे पैसे ही चौथी. प्रत्येक देशात या चारींचं मिश्रण असतं. कुठली वाट रुंद ठेवायची, यावर ओझं कोणाच्या खांद्यावर जाणार ते ठरतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्याला जितकं झेपेल तितकं त्याने द्यावं, आणि तेही धडधाकट असताना, थोडं थोडं करून. आजारी पडल्यावर खिडकीत उभं करून पैसे मागणं ही सगळ्यांत अन्यायाची पद्धत आहे. त्या दिवशी घरातली कमाई थांबलेली असते, आणि 'हे महाग आहे, दुसरीकडे बघू' म्हणायची सोय नसते.

तुम्हाला काय वाटतं?

सरळरेघ

धागा चांगला आहे, पण मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी पगारदार आहे. कर माझ्या हातात पैसे पडायच्या आधीच कापला जातो. वर स्वतःचा आणि आईवडिलांचा विमा भरतो. एवढं करूनही क्लेमच्या वेळी काही रक्कम खिशातून जातेच. आता 'ज्याला झेपतं त्याने जास्त द्यावं' म्हणजे पुन्हा माझ्याचकडे हात पसरणार.

सेवा तीच तर दर तोच, हे तत्त्व मला सरळ वाटतं. गरिबांना मदत करायची असेल तर ती वेगळी करा. त्यासाठी दवाखान्याच्या पैशांची सगळी रचनाच बदलायची गरज काय?

वाचनवेडी

बाक पकडून बसले आहे. पाकिटांवर नावं लिहिण्याचं वाचून पोटात तुटलं.

हिशेबनीस

सरळरेघ, तुमची तक्रार खोटी नाही, तिच्याकडे शेवटी येतो. आधी 'दर तोच'चा हिशेब मांडू.

समजा, एकाचं उत्पन्न १०० आहे आणि दुसऱ्याचं १०००. दोघांना विम्याचा हप्ता सारखाच, १०. पहिल्याचे १० टक्के गेले, दुसऱ्याचा १ टक्का. पण खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. पहिल्याला जगण्यासाठी, म्हणजे छप्पर, पोट, मुलांची शाळा यांसाठी ८५ लागतात. त्याच्या हातात उरतात १५, आणि त्यातले १० हप्त्याला गेले. दुसरा ऐसपैस जगला, ४०० खर्च केले, तरी ६०० उरतात. त्यातून १० गेले तर त्याला कळणारही नाही. म्हणून देण्याची ऐपत मोजायची ती जगण्याचा खर्च वजा करून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी असा हिशेब मांडला, तेव्हा जगण्याचा खर्च वगळून उरलेल्या पैशातले ४० टक्के किंवा जास्त आजारपणाला गेले तर त्याला घर मोडणारा खर्च धरलं.

आता हप्ता सारखा न ठेवता उत्पन्नाच्या १० टक्के करा. पहिला १० देईल, दुसरा १००. याला प्रमाणशीर म्हणतात. उत्पन्न वाढेल तशी टक्केवारीही वाढत गेली तर प्रगतिशील, आणि गरिबाची टक्केवारी श्रीमंतापेक्षा जास्त पडली तर प्रतिगामी. अर्थतज्ज्ञ नानक ककवानी यांनी १९७७ मध्ये हे मोजायचा एक निर्देशांक दिला. गरिबांच्या वाट्याला उत्पन्न किती येतं आणि देण्यातला त्यांचा वाटा किती, यांची तुलना तो करतो. शून्याच्या वर आला तर प्रगतिशील, खाली गेला तर प्रतिगामी.

या मोजपट्टीवर १९९० च्या दशकात १२ श्रीमंत देशांची तुलना झाली. प्राप्तिकरासारखे थेट कर बहुतेक ठिकाणी प्रगतिशील निघाले. वस्तूंवरचे अप्रत्यक्ष कर प्रतिगामी, कारण गरीब माणूस कमावलेलं सगळंच खर्च करतो, त्यामुळे त्याच्या प्रत्येक पैशावर कर लागतो. खिशातून द्यायचा खर्च तर सगळ्यांत प्रतिगामी. मुख्यतः खासगी पैशावर चालणाऱ्या अमेरिका आणि स्वित्झर्लंड या दोन देशांत एकूण ओझं गरिबांकडे सर्वांत जास्त झुकलेलं होतं. म्हणजे तुमचं सरळ वाटणारं तत्त्व जिथे जास्त पाळलं गेलं, तिथे वजन खालच्या माणसावर आलं.

आणखी एक बारकावा. पगारातून कापली जाणारी वर्गणी दिसायला प्रमाणशीर असते, पण तिला बहुतेक ठिकाणी वरची मर्यादा असते. जर्मनीत आजारपणाच्या विम्याचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के आहे, निम्मा कामगाराचा आणि निम्मा मालकाचा. ठरावीक पगाराच्या वरच्या रकमेवर मात्र वर्गणी लागतच नाही. शिवाय चांगला पगार असणाऱ्यांना सरकारी व्यवस्थेतून बाहेर पडून खासगी विमा घेता येतो. सगळ्यांत जास्त देऊ शकणारे लोकच सामायिक पिशवीतून हात काढून घेऊ शकतात. त्या तुलनेत जर्मनीची वर्गणी काहीशी प्रतिगामी निघाली होती, ती यामुळेच.

पांढरा कोट

(मी डॉक्टर नाही. ३० वर्षं नर्स होते, आता निवृत्त.)

सरळरेघ म्हणतात गरिबांना वेगळी मदत करा. ती वेगळी मदत कशी दिसते ते मी रोज पाहिलं आहे. आमच्याकडे सवलतीचा अर्ज होता. उत्पन्नाचा दाखला, त्यावर सही, मग समाजसेवा विभागाची सही, मग वरच्या साहेबांची. पेशंट स्ट्रेचरवर आणि त्याचा मुलगा या सह्यांमागे धावतो आहे. ज्याला लिहितावाचता येतं, ज्याला चार माणसं ओळखतात, त्याचा अर्ज मंजूर व्हायचा. ज्याच्यासाठी ती सवलत ठेवली होती, तो बऱ्याचदा खिडकीपर्यंत यायचाच नाही.

'थोडे तरी पैसे घ्यावेत, म्हणजे लोक उगाच येणार नाहीत' असं कोणीतरी म्हणेल, म्हणून आधीच लिहिते. रक्तदाबाच्या एक आजी दर महिन्याला यायच्या. रक्तदाब काही केल्या खाली येईना. डॉक्टर डोस वाढवत गेले. एकदा त्यांनी औषधाचा डबा माझ्यापुढे उघडला, तर आत सगळ्या गोळ्या अर्ध्या केलेल्या, अगदी सुबक, एकाही गोळीचा चुरा झालेला नाही. म्हणाल्या, "महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवते बाई, रोज चुकवत मात्र नाही." त्या प्रामाणिकपणे औषध घेत होत्या. आम्ही त्यांना निष्काळजी समजत होतो.

फी लावली की अनावश्यक येणं कमी होतं, हे अर्धंच खरं आहे. आवश्यक येणंही तितकंच कमी होतं. आपल्याला होतंय ते साधं आहे की गंभीर, हे पेशंटला कसं कळावं? ते कळण्यासाठीच तर तो येतो.

अभ्यासिका

पांढरा कोट यांनी जे पाहिलं त्याची मोठी चाचणीही झालेली आहे. अमेरिकेत रँड या संस्थेने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हजारो लोकांवर प्रयोग केला. काही कुटुंबांना उपचार पूर्ण मोफत, काहींना खर्चाचा काही वाटा स्वतः उचलायला लावला. कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. ज्यांना पैसे द्यावे लागले त्यांनी उपचार कमी घेतले, पण गरजेचे आणि बिनगरजेचे दोन्ही सारखेच कमी झाले. सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांना मात्र तोटा झाला, आणि तो दिसला नेमका रक्तदाबात.

आता हिशेबनीस यांच्या प्रतिसादात एक भर घालते. मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत त्रासदायक गोष्ट वाटते.

खिशातला खर्च श्रीमंत देशांत प्रतिगामी निघतो. पण २००८ मध्ये आशियातल्या १३ देशप्रदेशांची अशीच पाहणी प्रसिद्ध झाली. तिथल्या बऱ्याच गरीब देशांत उलटंच चित्र होतं. खिशातल्या खर्चात श्रीमंतांचा वाटा त्यांच्या ऐपतीच्या मानानेही जास्त. आकड्यांवर गेलं तर व्यवस्था प्रगतिशील! पण त्यामागचं कारण असं, की गरीब लोक दवाखान्यात जातच नव्हते. न घेतलेल्या उपचाराचा खर्च शून्य असतो. जी बाई मूल घरीच गमावते, तिच्या नावावर पाहणीत 'आरोग्यखर्च : नाही' एवढंच लिहिलं जातं, आणि तो शून्य समतेच्या बाजूने मोजला जातो.

म्हणून पैसे कोणी दिले हे एकटं बघून चालत नाही. सेवा कोणाला मिळाली हेही त्याच कागदावर शेजारी मांडावं लागतं. ब्रिटनमधले डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलं होतं, की चांगल्या सेवेची उपलब्धता गरजेच्या उलट दिशेने जाते, आणि बाजाराला जितकी मोकळीक द्याल तितकी हे जास्त घडतं.

रानपाखरू

अभ्यासिका, तो शून्याचा परिच्छेद दोनदा वाचला. आमच्या घरी आजोबा 'मला काही होत नाही' म्हणायचे. काही होत नव्हतं असं नव्हतं, ते आत्ता लक्षात येतंय.

सरळरेघ

सगळं वाचलं. सारख्या हप्त्याचा मुद्दा सोडतो. हिशेबनीस यांचं १५ मधले १० जाणं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे आणि त्याला कोणी हात घातला नाही. 'ऐपत' मोजणार कोण? पगारदाराची ऐपत कागदावर असते, म्हणून त्याच्याकडून वसुली होते. ज्याची कमाई रोखीत आहे त्याची ऐपत कोणालाच दिसत नाही. माझ्यापेक्षा चौपट कमावणारा माणूस कागदावर गरीब असू शकतो. मग माझ्या वर्गणीवर तो मोफत उपचार घेणार. याला न्याय म्हणायचं का?

सांजवेळ (धागाकर्ती)

सरळरेघ, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. ज्या देशांनी हे करून पाहिलं, त्यांना सगळ्यांना तो पडला.

पगारातून वर्गणी ही पद्धत सुरू झाली जर्मनीत, १८८३ मध्ये बिस्मार्कच्या काळात. तेव्हा वर्गणीचे दोन तृतीयांश कामगार द्यायचा आणि एक तृतीयांश मालक. कारखान्यात पगारपत्रक असतं म्हणून ते जमलं. जिथे बहुतेक लोक शेतात, बांधकामावर किंवा स्वतःच्या छोट्या धंद्यात आहेत, तिथे पगारपत्रकच नाही. अशा ठिकाणी वर्गणीवर भर दिला की तुम्ही म्हणता तेच होतं, पगारदार भरतो आणि बाकीचे एक तर सुटतात किंवा बाहेर राहतात.

थायलंडला २००० च्या सुमाराला हाच पेच पडला. सरकारी नोकर आणि कंपन्यांतल्या कामगारांना संरक्षण होतं, पण असंघटित लोकांपैकी कितीतरी जण उघड्यावर. त्यांच्याकडून दर महिन्याला वर्गणी गोळा करणं अशक्य आहे हे ओळखून त्यांनी तो नाद सोडला आणि त्यांचा खर्च थेट सामान्य करांतून उचलायचं ठरवलं. २००२ पर्यंत योजना देशभर पोहोचली. दर भेटीला एक छोटी ठरावीक फी ठेवली होती, तीही नंतर काही वर्षं काढून टाकली. थायलंड तेव्हा श्रीमंत देश नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रवांडाने दुसरी वाट धरली. तिथल्या गावपातळीवरच्या विम्यात आधी सगळ्यांना एकच हप्ता होता. गरिबांना तो जड जातो हे दिसल्यावर २०११ मध्ये कुटुंबांच्या परिस्थितीनुसार गट पाडले, वरच्या गटाला जास्त हप्ता लावला आणि अगदी तळच्या गटाचा हप्ता सरकार व देणगीदारांनी भरला. कोण कुठल्या गटात, यात गावातल्या लोकांचंही म्हणणं घेतलं. त्यात भांडणं होतातच, चुकाही होतात. तरी एकच हप्ता ठेवण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

आणि करातून खर्च झाला की रोखीत कमावणाराही पूर्ण सुटत नाही. तो खरेदी करतो तेव्हा काही कर भरतोच. चोरी आहे, मान्य. पण कर चुकवणाऱ्याचा राग आजारी माणसावर काढायचा नसतो. तो बंदोबस्त कर खात्याकडून करून घ्यायचा.

हिशेबनीस

मघाशी राहिलेली गोष्ट. सरळरेघ, पगारदाराची फसवणूक होते ती आणखी एका ठिकाणी, आणि तिथे फायदा तुमच्याही वरच्यांना होतो. बऱ्याच देशांत विम्याच्या हप्त्यावर करसवलत असते. ती मिळते कोणाला? जो कर भरतो त्याला, आणि ज्याचा कराचा दर सर्वांत वरचा त्याला सर्वांत जास्त. ज्याचं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली आहे त्याला काहीच नाही. सरकारच्या तिजोरीतून आरोग्यासाठी गेलेला हा पैसाच आहे, फक्त तो खर्चाच्या बाजूला दिसत नाही, न जमा झालेल्या करात लपलेला असतो. अर्थसंकल्पावर चर्चा करताना या आकड्याकडे कोणी बघत नाही.

अंगणवेल

तंबाखू आणि साखरेवरचा कर? तोही गरिबांवरच जास्त पडतो ना? मग तो आरोग्यासाठी वापरणं न्यायाचं कसं?

अभ्यासिका

अंगणवेल, भरताना प्रतिगामी, बरोबर. पण भाव वाढला की तंबाखू सोडणाऱ्यांत गरीब जास्त असतात, आणि पैसा कुठे जातो हेही बघायला हवं. फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्याने तंबाखू-दारूवरचा कर वाढवला आणि त्यातला मोठा हिस्सा गरीब कुटुंबांचे आरोग्यविम्याचे हप्ते भरायला लावला. कोणाकडून घेतलं आणि कोणाला दिलं, दोन्ही एकत्र धरलं तर उत्तर बदलतं.

जुनी वही

मोफत केलं की प्रश्न सुटला असं कोणाला वाटत असेल, तर युगांडाचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. मी मोफत सेवेच्या बाजूचाच आहे. म्हणूनच हे लिहितो.

१९८७ मध्ये जागतिक बँकेने विकसनशील देशांना सल्ला दिला, की सरकारी दवाखान्यांत फी लावा, पैसा येईल आणि सेवा सुधारेल. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी ती लावली. पैसा आला तो थोडकाच, माणसं मात्र यायची थांबली. युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी केंद्रांतली फी काढून टाकली. लगेच गर्दी वाढली, आणि गरिबांची जास्त वाढली. इतकी वर्षं किती लोक घरी बसून होते ते त्या गर्दीवरून समजलं.

पण पुढे अभ्यासकांनी घराघरांतले खर्चाचे आकडे तपासले, तर गरीब कुटुंबांवरचा घर मोडणारा खर्च कमी झालेला नव्हता. कारण बहुधा असं, की केंद्रात तपासणी मोफत होती पण औषधं शिल्लक नसायची. चिठ्ठी हातात देऊन लोकांना बाहेरच्या दुकानात पाठवलं जायचं. फी खिडकीतून हलली आणि औषधाच्या दुकानात जाऊन बसली.

फी काढायची असेल तर तिच्यातून जे येत होतं ते आणि वाढलेल्या गर्दीला जे लागेल ते, दोन्ही आधी तिजोरीतून पोहोचवायला हवं. ते न करता नुसती पाटी बदलली, तर बदनाम होते ती मोफत सेवा. मग लोक म्हणतात, 'फुकटात असंच मिळणार.' हे ऐकलं की मला चीड येते, कारण ती दुरवस्था मोफत असल्यामुळे नसते, पैसे न दिल्यामुळे असते.

ब्रिटनमध्येही याच मुद्द्यावर मोठं भांडण झालं होतं. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, करांतून चालणारी आणि उपचाराच्या वेळी मोफत. ती उभी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला. कारण सरकारने चष्मे आणि दातांच्या कवळ्या यांवर शुल्क लावायचं ठरवलं. फक्त चष्मे आणि कवळ्या! तेव्हा अनेकांना ते आततायी वाटलं. पुढच्याच वर्षी औषधांच्या चिठ्ठीवर शुल्क आलं. मधल्या तीनेक वर्षांचा खंड सोडला तर इंग्लंडमध्ये ते आजही आहे. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये ते काढून टाकलं. एकदा उघडलेली खिडकी बंद करायला अर्धं शतक लागलं.

सरळरेघ

जुनी वही, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

मी कुठवर आलोय ते सांगतो. उत्पन्नाच्या प्रमाणात द्यायला माझी तयारी आहे, पण माझ्या दोन अटी आहेत. एक, माझ्यापेक्षा वर असणाऱ्यांना बाहेर पडायची मुभा नको. ते जर्मनीचं वाचून मला सगळ्यांत जास्त खटकलं. दुसरी, मी जे भरतो त्यातून मला आणि माझ्या आईवडिलांनाही त्याच रांगेत तीच सेवा मिळावी. मी भरायचं आणि वर खासगी दवाखान्याचं बिलही मीच द्यायचं, हे किती दिवस चालेल?

पांढरा कोट

सरळरेघ, तुमची दुसरी अट मला पहिल्यापेक्षाही पटली. ज्या वॉर्डात साहेबांची आई झोपत नाही, त्या वॉर्डातला पंखा सहा सहा महिने दुरुस्त होत नाही. मी हे माझ्या नोकरीत पाहिलं आहे. सगळे एका रांगेत आले तरच रांग नीट चालते.

अंगणवेल

पण सगळीकडे एकदम मोफत करणं शक्य नसेल तर निदान आत्ता काय करता येईल? मला प्रत्यक्षातली एखादी पायरी सांगा.

हिशेबनीस

अंगणवेल, एक पायरी सांगतो. फी ठेवायचीच असेल तर तिला उत्पन्नानुसार कमाल मर्यादा घाला. जर्मनीत औषधं, रुग्णालय वगैरेंसाठी पेशंटला द्यावं लागणारं शुल्क वर्षाच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर गेलं की थांबतं, दीर्घ आजार असेल तर १ टक्क्यावर. जपानमध्ये बहुतेक लोक बिलाचे ३० टक्के स्वतः देतात, पण महिन्याला किती द्यायचं याची कमाल मर्यादा उत्पन्नाच्या गटानुसार ठरलेली आहे. सांजवेळ ताईंनी सांगितलेल्या खिडकीत अशी मर्यादा असती, तर बिल तेच राहिलं असतं, पण त्या बाईंच्या वाट्याची रक्कम पहिल्या पाकिटातच संपली असती.

हेही सोपं नाही. स्वित्झर्लंडमध्ये हप्ता उत्पन्नावर ठरत नाही, कमी उत्पन्नवाल्यांना सरकारकडून मदत मिळते. तिथे जून २०२४ मध्ये 'कोणाचाही हप्ता उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ नये' या प्रस्तावावर सार्वमत झालं, आणि लोकांनी तो फेटाळला. उरलेला भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे आपल्यावर येईल, ही भीती होती. मतदारांना हिशेब समजावून सांगायचं काम राहून जातं, आणि तिथेच असे प्रस्ताव पडतात.

ढोबळ लक्ष्य म्हणून एक आकडा लक्षात ठेवा. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात खिशातून थेट दिलेला हिस्सा १५ ते २० टक्क्यांच्या खाली आला, की आजारपणामुळे देशोधडीला लागणारी कुटुंबं अगदी थोडी उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या अहवालात हे मांडलं होतं. आपल्या सरकारला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की आपला हिस्सा किती आणि तो कुठल्या वर्षापर्यंत किती खाली आणणार.

रानपाखरू

सांजवेळ ताई, त्या पाकिटवाल्या बाईंचं पुढे काय झालं?

सांजवेळ (धागाकर्ती)

रानपाखरू, हे लिहावं की नाही असं करत होते.

संध्याकाळी त्या परत आल्या. चौथं पाकीट आणलं होतं. त्यावर कोणाचं नाव नव्हतं, म्हणून मीच न राहवून विचारलं, "हे कोणी दिले?" त्या म्हणाल्या, "कोणी नाही, मशीन विकलं." त्या शिवणकाम करतात. ऑपरेशन नवऱ्याचं होतं, तो दोन महिने तरी कामावर जाणार नव्हता, घर त्यांच्या शिवणावरच चालणार होतं.

हिशेबनीस, तुमच्या त्या ४० टक्क्यांच्या मोजपट्टीत हे मशीन कुठे बसतं? बिल भरलं, हिशेब पुरा झाला. पुढच्या महिन्यापासून जी कमाई होणार नाही, ती कोण कुठे लिहितं?

हिशेबनीस

कुठेच नाही, ताई. पाहणीत त्या महिन्याचा खर्च लिहिला जातो. पैसे कर्जातून आले की काही विकून, हे काही पाहण्यांत विचारतात, पण घर मोडणाऱ्या खर्चाच्या आकड्यात ते येत नाही. बुडालेली कमाई तर त्यात येतच नाही. तुम्ही विचारलंत ते विचारायला हवं.

पांढरा कोट

सांजवेळ, त्यांचा काही संपर्क असेल तर मला खासगी निरोप करा. माझ्याकडे एक मशीन पडून आहे. चालू स्थितीत आहे, फक्त पट्टा नवा घालावा लागेल.